सदऱ्यावरचा रंग

शेजारच्या दादांचा पांढरा सदरा दोरीवर वाळत होता. कॉलरीला आणि पाठीला गुलाबीसर डाग.

"दादा कुठे गुलाल खेळून आले?" मी वहिनींना विचारलं.

"गुलाल कसला! ह्यांच्या घामाचा रंग आहे तो. कुष्ठरोगाच्या गोळ्यांचा."

"पण उपचार संपले ना?"

"संपले. रोग गेला म्हणाले डॉक्टर. औषध मात्र अंगात मुरलंय, ते सावकाश उतरणार."

मुरणं म्हटलं की मला आजवर लोणचंच आठवायचं. दादांचा चेहरा तांबूस काळा पडला, तेव्हा साऱ्या आळीने तो रोगाचाच रंग मानला. रोगाने दिला होता तो एक फिकट, बधिर चट्टा, तोही पाठीवर, सदऱ्याआड. हा गडद रंग रोगाला हुसकावून लावणाऱ्या औषधाचा. शत्रू केव्हाच पळाला, पण हा राखणदार अजून कातडीखाली, चरबीत ठाण मांडून बसलाय. आणि आपण त्यालाच बघून अंग चोरत होतो!

"डाग काढायचा साबण देऊ का?" मी म्हटलं.

तेवढ्यात दादाच बाहेर आले. ओलसर सदरा त्यांनी तसाच अंगात चढवला, कॉलर ताठ केली. देवळात भंडारा होता. गेल्या वर्षी त्यांचं पान लोकांनी पंगतीपासून लांब, खांबाआड मांडलं होतं.

"साबण राहू द्या," दादा म्हणाले. "आज पंगतीच्या मधोमध बसणार आहे. निवडून आलेला माणूस गुलाल पुसून जातो का कुठे?"