कात्सुएसानची किंकाळी

निवडणूक लागली की आमच्या गावात लोक उमेदवाराच्या आधी त्याच्या गाडीतल्या बाईला ओळखतात. पांढरे हातमोजे घालून खिडकीतून हात हलवायचा आणि दिवसभर भोंग्यावरून उमेदवाराचं नाव घेत राहायचं, हे त्या बाईचं काम. कात्सुए त्सुबोई हे काम वीसेक वर्षं करत होती. त्याआधी ती सहलीच्या बसवर गाइड होती आणि ती बस मी चालवायचो. एकदा घाटात ब्रेक तापले. माझ्या हाताला घाम सुटला होता, पण मागे ही बाई प्रवाशांकडून टाळ्या वाजवून गाणी म्हणवून घेत होती. त्यामुळे ती मुळातच भित्री होती, असं मला कुणी सांगू नये.

त्या वर्षी जुलैत संसदेच्या वरच्या सभागृहाची आणि आमच्या नगराध्यक्षपदाची निवडणूक एकाच रविवारी होती. आकागीसाहेब नगराध्यक्षपदाला उभे होते. गाडी माझ्याकडे, भोंगा कात्सुएकडे. शुक्रवारी दुपारी आम्ही कचेरीत भाताचे गोळे खात बसलो होतो. तेवढ्यात टीव्हीवर बातमी आली. नारा शहरात भर रस्त्यात, प्रचाराच्या भाषणात, माजी पंतप्रधानांवर गोळ्या झाडल्या होत्या. मारणाऱ्याने बंदूक घरीच बनवली होती. नळ्या, त्यावर काळी चिकटपट्टी. तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. संध्याकाळी ते गेल्याचं जाहीर झालं.

कात्सुएने दुपारी हातातला घास खाली ठेवला होता तो ठेवलाच.

"ओनिशिसान," ती मला म्हणाली, "तो माणूस बघितलात? अगदी साधा. गर्दीत मीसुद्धा त्याच्याकडे बघून हात हलवला असता."

मी म्हटलं, "अगं, आपल्या गावात कोण कुणाला मारतंय? इथे उमेदवाराचं भाषण ऐकायलाच कुणी येत नाही."

ती हसली नाही.

शनिवार प्रचाराचा शेवटचा दिवस. कात्सुएने सकाळीच आकागीसाहेबांना विचारलं, "आज सभा रद्द करूया का?"

"आज घरात बसलो, तर त्या बंदुकीपुढे आपण सगळेच वाकलो असं होईल," साहेब म्हणाले. "तुम्हाला जमणार नसेल तर राहू द्या. मी रागावणार नाही."

"साहेब, तुम्ही वर उभे राहणार आणि मी घरी बसू? चला."

स्टेशनसमोर गाडी लावली. टपावर साहेब, त्यांच्या शेजारी कात्सुए. एरवी तीस माणसं जमायची, त्या दिवशी शंभर-दीडशे तरी असतील. उन्हामुळे प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतंच. पंखा, छत्री, पाण्याची बाटली, पिशवी. नंतर ती मला म्हणाली, "मला माणसं दिसतच नव्हती हो, नुसते हात दिसत होते. एखादा हात पिशवीत गेला की मी त्याच्यावर डोळे लावायचे. तो बाहेर येईपर्यंत मी श्वास घेत नव्हते."

साहेबांचं बोलणं अर्ध्यावर आलं असताना एक म्हातारा पुढे सरकू लागला. लोकांना खांद्याने बाजूला करत तो थेट गाडीपाशी आला. त्याने कमरेच्या पिशवीत हात घातला आणि काळी नळीसारखी वस्तू काढून वर उचलली.

"बंदूक!"

कात्सुए ओरडली, आणि तिच्या हातातला दुसरा माइक तोंडापाशीच होता. सगळं स्टेशन त्या शब्दाने दणाणलं. लोक वाट फुटेल तिकडे पळाले. दोन कार्यकर्त्यांनी म्हाताऱ्यावर उडी टाकली, पोलिसाने त्याचा हात पिरगाळला, सगळ्यांनी मिळून त्याला पालथा दाबून धरला. ती वस्तू घरंगळत माझ्या चाकाशी आली आणि कुणाच्या तरी बुटाखाली फुटली. आतून दोन छोट्या बॅटऱ्या बाहेर पडल्या.

म्हातारा ओरडत नव्हता. दीडशे माणसांच्या कल्लोळात तो एकटाच गप्प होता. नुसते पाय आपटत होता. झटापटीत त्याच्या गळ्याभोवतीचा रुमाल सरकला होता, आणि तो पालथा पडण्याआधीच टपावरून कात्सुएला त्याच्या गळ्याला असलेलं भोक दिसलं होतं. तो नाकाने नाही, त्या भोकातून श्वास घेत होता, आणि तेच भोक डांबरावर दाबलं गेलं होतं.

"उठा त्याच्यावरून!" ती पुन्हा माइकवर ओरडली. "गळा! गळा मोकळा करा त्याचा! मरतोय तो!"

पोलीस दचकून बाजूला झाला. म्हाताऱ्याला उताणा केला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. छाती एकदा वर झाली, मग पुन्हा. कात्सुए शिडीवरून उतरली की पडली, मला सांगता येणार नाही. मी पाहिलं तेव्हा ती त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली होती.

त्याचं नाव हामाओका. कर्करोगात त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. ती नळी गळ्याला लावून बोलायचं यंत्र होतं. जिल्ह्याच्या इस्पितळात जाणारी बस बंद होणार होती, तेवढंच त्याला साहेबांना विचारायचं होतं. दोन बरगड्यांना चीर गेली, पण जीव वाचला. आकागीसाहेब हरले. ते तसेही हरणारच होते.

कात्सुए मिठाईचा डबा घेऊन हामाओकांच्या घरी गेली, मीही सोबत गेलो. दार त्यांच्या बायकोने उघडलं.

"आवाज ओळखला मी तुमचा," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला बंदूकवाला म्हणालात त्याच ना तुम्ही? शेजारीपाजारी अजून आमच्या दाराकडे टकमका बघतात. न्या तो डबा."

कात्सुए माफी मागत उंबऱ्याबाहेर वाकली ती दार बंद झाल्यावरही तशीच होती. मी दंडाला धरून तिला उठवलं.

महिन्याभराने ती पुन्हा गेली. या वेळी हामाओका स्वतः दारात आले. नवं यंत्र अजून यायचं होतं. ते नुसते ओठ हलवत आणि बायको मोठ्याने सांगे.

"हे म्हणतायत, बातमी त्यांनीही पाहिली होती. घरातून निघतानाच छातीत धडधडत होतं. हे यंत्र काढलं की लोकांना काय वाटेल, या विचाराने वाटेत दोनदा परत फिरले होते." बायको नवऱ्याकडे वळली. "हे मला माहीत नव्हतं हो. मला कुठे बोललात तुम्ही?"

हामाओकांनी खांदे उडवले. त्यांनी कात्सुएला आत बोलावलं आणि गार चहा दिला.

पण भीती गेली नाही. कात्सुएने भोंग्याचं काम सोडलं आणि मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. सप्टेंबरात माजी पंतप्रधानांचा सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला. करावा की करू नये, यावर न्हाव्याच्या दुकानात माणसं हमरीतुमरीवर आली. ती मात्र टीव्हीकडे पाठ करून बसायची. वर्षअखेरीला त्या सालात गेलेल्या मोठ्या माणसांची चित्रं दाखवतात. नट, गायक, पहिलवान सगळे येऊन गेले. मग तो चेहरा आला, आणि तिने शेवयांचं भांडं तसंच ठेवून टीव्ही बंद केला. रस्त्यावर समोरून कुणी पिशवीत हात घातलेला दिसला की ती पलीकडच्या बाजूला जायची.

पुढच्या एप्रिलमध्ये नगरपालिकेची निवडणूक आली. आकागीसाहेब या वेळी नगरसेवकपदाला उभे राहिले, बसच्याच प्रश्नावर. कात्सुएने खूप आढेवेढे घेऊन होकार दिला. गाडी रविवारपासून फिरणार होती, आणि शनिवारी वाकायामातल्या बंदरावर पंतप्रधानांच्या अंगावर कुणीतरी बाँब फेकला. ते वाचले.

तिचा फोन आला. "ओनिशिसान, माझे पायच उचलत नाहीयेत."

"मग नको येऊस."

"येते," ती म्हणाली, आणि रडू लागली.

ती आली. टपावर चढली नाही, गाडीत माझ्यामागे बसली. काच चार बोटं उघडी. आवाज इतका कापत होता की लोक थांबून बघायचे. मंदिराच्या चौकात हामाओका आले. यंत्र गळ्याला लावायला त्यांना एक हात लागतो आणि दुसऱ्या हातात काठी असते. माइक धरायला कुणीतरी हवं होतं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कात्सुए दार उघडून खाली उतरली, तिच्यामागे मीही उतरलो.

तिने माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. दुसऱ्या हाताने माझी बाही घट्ट पकडली होती. भोंग्यातून भुंग्यासारखा सपाट, घरघरता आवाज बाहेर पडला. "बस बंद झाली. टॅक्सी परवडत नाही. आम्ही इस्पितळात कसं जायचं?" कुणी हसलं नाही. ते बोलत असताना कात्सुए त्यांच्याकडे बघतच नव्हती, गर्दीतल्या एकेका हाताकडे बघत होती.

साहेब जिंकलेल्यांत शेवटच्या क्रमांकाने निवडून आले. बस आता आठवड्यातून दोनदा जाते. कात्सुए अजून कारखान्यातच आहे, आणि निवडणूक आली की साहेबांसाठी गाडीत बसते. काच चार बोटांहून खाली करत नाही, आणि मीही तिला कर म्हणत नाही.