मस्कतचा वेल

किन्हीराजाजवळच्या तांड्यावरच्या गोमतीबाईची उमेदीची वर्षं नाशिककडच्या द्राक्षबागांत छाटणी करण्यात गेली. नवरा रतनसिंग तिकडेच वारला. लेक निताला घेऊन ती परतली, तेव्हा ओल्या पोत्यात मस्कतच्या काड्या घेऊन आली. गोड वाइन करतात ते हे द्राक्ष.

विहिरीजवळ वेल मांडवावर चढला. पलीकडचं शेत धाकट्या दिराचं, धरमसिंगचं. पहिला घड तिने त्यालाच दिला.

"मस्कत म्हंजे काय वो भाभी?"

"बागवाला सांगे, कोणी म्हणते कस्तुरीवरून नाव पडलं, कोणी म्हणते माशीवरून. परदेशातल्या जुन्या भाषेत माशीले मुस्का म्हणत. गोडीवर माश्या येतात ना. मले कस्तुरीचंच पटते."

पुढच्या हंगामात मांडवात गांधीलमाश्यांनी पोळं केलं. धरमसिंग हरभऱ्याची गाडी घेऊन जात असताना त्या उठल्या आणि बैलांना डसल्या. बैल उधळले. त्याची बायको गाडीवरून पडून चाकाखाली आली. तिचा पाय गुडघ्याखाली चेंदामेंदा झाला.

दुसऱ्या सकाळी धरमसिंग कुऱ्हाड घेऊन आला.

"तूच सांगतलं होतं, याच्या नावातच माशी हाये. मंग कायले ठेवला?"

"पोळं आताच जाळतो," गोमतीबाई म्हणाली. "येलाले हात लावू नको."

त्याने खोडावर घाव घातला. तिने खोडाला मिठी मारली, तशी त्याने कुऱ्हाड उलटी करून तिच्या उजव्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज निताने दारातून ऐकला. खाली पडलेल्या गोमतीबाईच्या डाव्या हाताला तिथेच पडलेली छाटणीची कात्री सापडली. तिने ती त्याच्या मांडीत खुपसली. रक्त वाहत असतानाही तो खोड तोडतच राहिला. अखेर मांडव दोघांवर कोसळला.

लोकांनी त्यांना ओढून काढलं, तेव्हा चिरडलेल्या द्राक्षांवर आणि रक्तावर माश्या घोंगावत होत्या.

वाशीमच्या दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. तांड्याच्या प्रमुखाने, नायकाने, तिला आधीच सुचवलं होतं, 'कात्री पडताना लागली' म्हण.

"नाई," ती म्हणाली. "मीच मारली. अजून मारली असती, पण हातात जोर नव्हता राह्यला."

दोघांवरही गुन्हा दाखल झाला. कोर्टाच्या तारखेला दोघं एकाच एसटीने वाशीमजवळच्या मालेगावला जातात. मागच्या वेळी गाडी भरलेली होती. तिला उजव्या हाताने दांडा धरता येईना. धरमसिंग आपल्या जागेवरून उठला आणि लंगडत बाजूला झाला. ती बसली नाही. शेवटी लेकराला कडेवर घेतलेली एक बाई त्या जागेवर बसली.