दोन आणि तीनच्या मधली जागा

हमीदचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला कॉलेजच्या लॅबमध्ये होते. चाचींनी एवढंच सांगितलं, "सकाळी नमाजाले उठले, अन् बसले ते बसलेच..." त्याला आता महिना होत आला. मला लिहिण्याची सवय नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चाचा अंजनगावच्या बाजारात तुरीचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचे आणि आमच्या घरासमोर राहायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात तोंड उघडलं की माझं 'मले-तुले' ऐकून मुलं हसायची, म्हणून मी गप्पच असायचे. दुसऱ्या वर्षी प्रदर्शनासाठी मी गाड्यांच्या शर्यतीच्या एका गेममधले आवाज बदलायला घेतले. मूळ फाईलच्या जागी त्याच नावाची आपली फाईल ठेवली की गेम आपला आवाज वाजवतो. शर्यत सुटण्याआधी तीन बीप वाजायचे. तिथे मला चाचांचं 'एक, दोन, तीन' हवं होतं. शनिवारपर्यंत नीट चाललं नाही तर नाव कापीन, असं सरांनी बजावलं होतं.

आवाज टिपायला मैत्रिणीचा मोबाइल समोर धरला, तर चाचा नुसतेच खाकरत बसले. "मालाबिगर आवाज नाही फुटत, बाई." चाचींनी आतून भोपळा आणून त्यांच्यापुढे ठेवला. "घ्या, हा इका. नाहीतरी तुमी खात नाही." मग मात्र ओसरी दणाणली.

लॅबमध्ये फाईल घातली, तर चाचा 'दोन' म्हणतात न म्हणतात तोच गाड्या सुटल्या. गेम तीन बीपांच्या ठरलेल्या वेळेतच गाड्या सोडायचा, आणि दोन आणि तीनच्या मध्ये चाचा फार थांबले होते. मी ती शांतता कापली, सगळं बरोबर बसलं, आणि मोठ्या आनंदानं घरी येऊन त्यांना ऐकवलं.

"मधातलं कुठं गेलं?"

"कापलं, चाचा. तिथं काहीच नव्हतं."

"नव्हतं कसं? ते जागा शेतकऱ्याची हाय. भाव नाही पटला तर तेवढ्यातच तो माल उचलते. तीन म्हटलं का गेला माल. अन् यंदा भाव कसे चालून राहिले, तुले मालूम नाही का?"

मला माहीत असायला हवं होतं... त्या हंगामात बाबांनी दोनदा तूर घरी परत आणली होती.

शुक्रवारी सुचलं. बीपच्या आधी रस्ता दाखवताना गेम एक लांब धून वाजवायचा. 'एक', 'दोन' आणि पुढची शांतता मी त्या धुनेच्या फाईलीत ठेवली. बीपच्या फाईलीत अगदी शेवटी नुसतं 'तीन'.

प्रदर्शनात बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत बसले. 'एक...' 'दोन...' आणि मग काहीच नाही. मागे मुलं हसू लागली. "बंद पडलं वाटतं," म्हणत सरांनी बटणाकडे हात नेला.

"थांबा सर," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माल अजून इकला नाही."

त्यांचा हात थांबला. हसणंही थांबलं. आणि चाचांचा 'तीन' आला, गाड्या सुटल्या. पहिला क्रमांक मला मिळाला. ती मधली जागा कुणाची हे मंचावर जाऊन माझ्याच बोलीत सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी वर्गात बोलू लागले.

तो गेम लॅबमध्ये अजून आहे. नव्या मुलांना कुणी काही सांगत नाही, पण 'दोन' झालं की ती बटणावरचं बोट उचलतात आणि थांबतात.