एकमताने नामंजूर

संगणकाला भिणारी माणसं पुष्कळ असतात आणि संगणकावर जीव टाकणारीही पुष्कळ. पण ही दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच खुर्चीत बसून करणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच झाला आणि तो माझ्या नशिबी थोरला साडू म्हणून आला. वडवणीपासून थोडं आत त्यांचं गाव. तिथे सहकारी दूध संस्था होती आणि साडूभाऊ तिचे सचिव. संस्थेत संगणक आला त्या दिवशी त्यांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि खोबरं वाटून झाल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "पाव्हणं, ह्यो आपल्यावर उलटनार तर न्हाई ना?" मी बीडच्या एका कचेरीत संगणकासमोर बसतो, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला तज्ज्ञ ठरवलं होतं. "नाही उलटत," मी म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून माझाही डळमळला.

कुठलंही नवं सॉफ्टवेअर निघाल्याचं कानावर आलं की साडूभाऊंना ते हवंच असायचं, आणि हाती आलं की घाम फुटायचा. आपण ज्या अटी न वाचता "मान्य" म्हणून मोकळे होतो, त्या ते पडद्यावर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचत, अडलेल्या शब्दासाठी कोश काढत, आणि बाहेर दूध घालायला आलेली माणसं चरव्या घेऊन ताटकळत. कुणी ओरडलं तर आतून आवाज यायचा, "आंगठा द्यायच्या आदी वाचाय नको का बे?" पासवर्ड टाकताना ते खिडकी लावून घेत, मग खिडकीबाहेर नुसती म्हैस का उभी असेना. नोंदी पुसल्या जातील ही धास्ती तर बारमाही. म्हणून त्यांच्या प्रती भरलेले पेन ड्राइव्ह त्यांनी सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत वाटून ठेवले होते. एक धर्मापुरीच्या बहिणीकडे देव्हाऱ्यात, एक आमच्याकडे ज्वारीच्या डब्यात. लग्नाकार्यात भेटले की आधी पेन ड्राइव्हची खुशाली विचारत, मग माझी.

पण खरी मजा ठरावांची. सहकारात वाढलेला माणूस. सभेच्या मंजुरीवाचून भिंतीत खिळाही ठोकायचा नाही. "नवी आवृत्ती उपलब्ध आहे, आत्ता टाकायची का?" अशी चौकट पडद्यावर आली की ते "नंतर" दाबत आणि संचालकांची सभा बोलावत. सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं रीतसर. एकदा त्या चौकटीत "नंतर" हा पर्यायच नव्हता. यंत्राने आपल्या मनानेच आवृत्ती टाकून घेतली. साडूभाऊंचा मला फोन आला तेव्हा आवाज कापत होता. "पाव्हणं, बिनठरावाचं झालं हो." मी पोट धरून हसलो. दुसऱ्याच दिवशी सभा घेऊन त्यांनी कार्योत्तर मंजुरी मिळवली, तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली घास उतरला.

या नव्या आवृत्तीत "अंदाज" नावाचं एक बटण होतं. आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला. कडबा संपला, अर्धं गाव दिवाळीआधीच ऊसतोडीला गेलं, राहिलेल्यांच्या म्हशी एकेक करून आटू लागल्या. संस्थेचं दूध शीतकेंद्रावर नेणाऱ्या गाडीवाल्याने सांगूनच ठेवलं होतं, की निदान एक कॅन भरून दूध असलं तरच गाडी फाट्यावरून आत वळेल. गाडी बंद म्हणजे संस्था बंद, आणि संस्था बंद म्हणजे उरलीसुरली जनावरं थेट बाजारात. अशा दिवसांत साडूभाऊंनी ते बटण दाबलं. पडद्यावरच्या आलेखातली दुधाची रेघ तुटक होऊन पुढे सरकली आणि उन्हाळा सरायच्या आतच त्या एका कॅनच्या खाली गेली. त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. रेघ तिथेच पडली. मग त्यांनी यंत्रावर शाल टाकली आणि मला बोलावून घेतलं.

मी पाहिलं. हिशेब बरोबर होता.

"कावून दाबलं मी ते बटन?" ते म्हणाले.

"दाबलं नसतं तरी दूध आटायचं ते आटणारच होतं."

"पर मला ठावं नसतं ना."

त्या दिवशी त्यांच्या भीतीचं मला हसू आलं नाही. मीही भ्यालो. बाहेर दावणीला बांधलेली म्हैस रिकामी गव्हाण चाटत होती, तिच्याकडे बघवेना.

साडूभाऊंनी सर्वसाधारण सभा बोलावली आणि उभं राहून सगळं सांगून टाकलं. मागे बसलेली एक म्हातारी सभासद म्हणाली, "आवं, मग नामंजूर करा की त्या रेघंला. सभा कशापायी हाय?" साडूभाऊंचा चेहरा उजळला. ठरावाचं काम त्यांना कळत होतं. "संगणकाने वर्तविलेला अंदाज ही सभा एकमताने नामंजूर करीत आहे," त्यांनी वाचलं, आणि सगळे हात वर गेले. मी सभासद नसूनही माझाही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, माझ्यासमोर कोरा चहा ठेवला. "दूध संपलं का?" मी विचारलं. "संपलं न्हाई, कॅनात गेलं," त्या म्हणाल्या. "तान्ह्या लेकरांपुरतं काढायचं, बाकी समदं संस्थेत. गावात कुनाच्याच घरी दुधाचा च्या न्हाई आता. ठराव झालाय न्हवं?"

त्यानंतर साडूभाऊंचा रोज फोन यायचा, आणि तो वाजला की मी हातातलं काम टाकून उचलायचो. "भरला आज," एवढंच ते म्हणत आणि ठेवत. रेघेने सांगितलेला दिवस आला आणि गेला. कॅन भरतच राहिला. मी धीराचं सोंग आणून ऐकत राहिलो.

पण जनावराच्या पोटात चारा नसेल तर ठराव तरी काय करणार? पावसाळा तोंडावर आला असताना एका सकाळी कॅन भरला नाही. मी नेमका तिथेच होतो. गाडीवाला भला माणूस. तरी आत आला, कॅनमध्ये डोकावला, "माझ्या हातात न्हाई हो," म्हणाला आणि रिकामी गाडी वळवून गेला.

साडूभाऊंनी संस्थेच्या ओट्यापुढे तीन दगड मांडून चूल पेटवली आणि त्या दुधाचा सगळ्यांना चहा केला. किती दिवसांनी गाव दुधाचा चहा पीत होतं, पण दुसरा कप कुणी मागितला नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. आत पडद्यावर कसलीशी चौकट आली होती. त्यांनी तिकडे पाहिलं, उठून न वाचताच "मान्य" दाबलं आणि परत येऊन बसले.

"साडूभाऊ, वाचलं नाही?"

"कशापायी?" ते म्हणाले. "आता आनि काय व्हायचं हाय?"

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज एवढा शांत मी कधी ऐकला नव्हता. या माणसाने पुन्हा कशाला तरी भ्यावं, असं मला त्या सकाळी फार फार वाटलं.