कव्हरवरची हळद

टॅबलेटच्या कापडी कव्हरवर हळदीचा एक डाग आहे, तो दिसला की लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यातली ती ओसरी आठवते. पाठीला ओझं नको म्हणून त्या वेळी लॅपटॉप घरीच ठेवला होता. सकाळी दरीचे फोटो काढले आणि जेवण होईपर्यंत, चुलीच्या धुरात, टॅबलेट मांडीवर घेऊन ते निवडत बसलो. एका फोटोत धुक्याच्या कडेला घोंगडं पांघरलेला एक गुराखी पाठमोरा आला होता. मी बोटानं त्याला पुसून टाकलं. दरी कशी मोकळी झाली. पिठलं करणाऱ्या मावशी मागून बघत होत्या. त्यांनी हळदीच्या हातानं टॅबलेट स्वतःकडे वळवला आणि रिकाम्या जागेकडे बोट केलं. "हितं आमचं मालक हुतं. कुटं गेलं?" मी घाईघाईनं आधीचा फोटो परत आणला. घोंगडं दिसल्यावर त्यांचा चेहरा निवळला. "ऱ्हाऊ द्या तितंच," म्हणाल्या, "म्हशी सोडून कुटं जात न्हाईत त्ये." अजूनही फोटो नीट करताना कोपऱ्यातल्या माणसावर माझं बोट जातं, आणि हा कुणाचा असेल, या विचारानं तिथंच थांबतं.