कोपऱ्यातला नंबर

भिंत रंगवणाऱ्याची सही भिंतीच्या कोपऱ्यात असते, खाली उजव्या हाताला. सिमेंटची जाहिरात असो, बियाण्याची असो नायतर क्लासची, मधली भिंत मालकाची आणि कोपरा पेंटरचा. नाव, गाव, फोन नंबर. हा रिवाज कुठं लिहिलेला नाय, पण मालक कितीबी कंजूष असला तरी कोपऱ्याला हात लावत नाय. माझ्या कोपऱ्यात ‘गोकुळ आर्ट, फुलंब्री’ असायचं. आता तिथं ‘आवडाबाई’ असतं. लोक मला येडा म्हणतात. म्हणू द्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि इथं कुणाचं जळत होतं ते मला ठाऊक आहे.

आधी माझं थोडं. फ्लेक्स आला आणि आमच्या पोटावर पाय आला. शहराचं नाव बदललं तवा वाटलं, चला, पाट्या रंगवायला मिळतील. कसलं काय, तीबी कामं फ्लेक्सवाल्यानंच नेली. आता राहिल्या त्या भिंती, कारण भिंतीला खिळे ठोकून फ्लेक्स लावला की वारं नेतं. पण ते जाऊ द्या, फ्लेक्सला शिव्या घालत बसलो तर आवडाबाई राहून जाईल.

रेल्वे रुळाच्या बाजूला संघमित्रानगर म्हणून वस्ती आहे. तिथल्या विहाराच्या भिंतीवर पंचशील लिहायचं काम मला मिळालं होतं. मी काय बौद्ध नाय, पण पाचही शीलं अक्षर न् अक्षर माझ्या हाताखालून गेलेली आहेत. जीव घेणार नाय, चोरी करणार नाय, वाकडं वागणार नाय, खोटं बोलणार नाय, आणि पाचवं ‘सुरामेरय’चं, नशा करणार नाय. तवा समोरच्या घरातून एक बाई चहा घेऊन आली. कप हातात द्यायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघितलं.

“गालात काय हाय?”

“काय नाय आक्का, दाढ दुखती.”

“दाढेला तंबाखूचा वास येतो व्हय?” म्हणली, आणि कप खाली ठेवून गेली.

ही आवडाबाई. जवळच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. नवरा मोतीराम रेल्वेत गँगमन होता, तो आजारानं लवकर गेला. एक पोरगा, अभय. आयटीआय केलेला, वायरमनचं काम शिकलेला. अंगानं काडी, पण गळा गोड. बिडकीनच्या बाजूला एका कंपनीत ठेकेदाराकडं लागला. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, झोपेचा पार खेळखंडोबा. तिथं त्याला कुणीतरी बटन दिलं. बटन म्हणतात त्या गोळ्यांना आमच्याकडं, चोरून विकलेल्या झोपेच्या गोळ्या. आधी झोपायला घेतल्या, मग उठायला घेतल्या, मग कशालाबी. कामावरनं काढून टाकला. घरातली भांडी जायला लागली.

आईनं काय केलं? जे तिला येत होतं ते केलं. बुद्धपौर्णिमा होती, माझं भिंतीचं काम संपत आलेलं. विहारात वंदनेला एक जण पुढं म्हणतो आणि बाकीचे मागून म्हणतात. त्या दिवशी आवडाबाईनं हट्ट धरला की पुढं अभय म्हणणार. तिच्या मनात आलं, सगळ्या वस्तीसमोर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर पाचवं शील एकदा तोंडातून निघालं की पोरगा बांधला जाईल. तोंडातून निघालेलं मोडायची आमच्या वस्तीत कुणाची छाती नाय, असं ती मला सकाळीच सांगत होती. पांढरा सदरा स्वतः इस्त्री करून दिला होता.

मी खिडकीच्या बाहेर शिडीवर होतो. अभय पहिलं शील म्हणला, लोक मागं म्हणले. दुसरं, तिसरं, चौथं. काय आवाज होता पोराचा. आणि पाचव्याला गप. विहार भरलेला, सगळे वाट बघतायत. पुढं बसलेली आवडाबाई हळूच म्हणली, “म्हण.” तो गप. ती परत म्हणली, “म्हण की रं.” मागं कुणीतरी फसकन हसलं. पोरानं आईकडं बघितलं, चपला हातात घेतल्या आणि माझ्या शिडीखालनं निघून गेला. नशेत नव्हता तो. मला नीट दिसला, लई शुद्धीत होता. चौथं शील खोटं न बोलण्याचं, ते म्हणून झाल्यावर लगेच पाचवं कसं म्हणणार होता?

तो गेला तो गेलाच. फोन तर आधीच विकला होता. आवडाबाईनं शहागंज धुंडाळलं, स्टँड धुंडाळला, पोलिसात फोटो दिला. खिचडीचं पातेलं उतरवून ती रोज दुपारी कुठल्या ना कुठल्या रस्त्यानं चालायची. मला एकदा क्रांती चौकात भेटली. म्हणली, “गोकुळ, त्याला घरचा रस्ता पाठ हाय, पण माहा नंबर पाठ नसंल. आजकाल कुणाला नंबर पाठ असतो?”

तवापासून ती विहारात चार शीलं म्हणायची आणि पाचव्याला तोंड मिटायची. बाया कुजबुजायच्या, म्हातारी स्वतःच घेते का काय. मी विचारलं तर म्हणली, “ते त्याचं राहिलंय. त्याच्याबरोबर म्हणीन.”

मग एक संस्था आली. व्यसन आणि मनाचे आजार यावर वस्तीतल्याच लोकांना शिकवायचं, म्हणजे शेजारीच शेजाऱ्याला मदत करील, असा त्यांचा बेत. शिकवायला विशाखा मॅडम होत्या, तरणी पोर, पण बोलायला मऊ. विहाराच्या हॉलमधे वर्ग भरला. मॅडमनी विचारलं, कुणाला काही शंका? आवडाबाई पहिल्यांदा उभी राहिली आणि म्हणली, “भिंतीवर माहा नंबर लागंल का?” बाया हसल्या. मॅडमला वाटलं, बाईला नावाची हौस आहे. मी बाहेर व्हरांड्यात रंग कालवत होतो, आणि नंबर कुणासाठी लावायचा होता ते मला एकट्याला कळलं, कारण क्रांती चौकातलं तिचं बोलणं मी ऐकलेलं.

त्या वर्गात काय शिकवलं ते मीबी ऐकलं, कान काय बंद करता येत नाय. समोरचा गप बसला तर आपणबी गप बसायचं. ‘कामून करतो’ असं दरडावून विचारायचं नाय. गोळ्या एकदम बंद केल्या तर माणसाला झटका येऊ शकतो, म्हणून डॉक्टरला विचारून हळूहळू सोडवायच्या, घाटीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात, तिथं सोबत जायचं. सुटून परत लागलं तर माणूस वाया गेला असं समजायचं नाय. आणि चारचौघात शपथा घालायच्या नायत, लाजेनं माणूस सुधारत नाय, लांब जातो.

हे शेवटचं ऐकलं आणि आवडाबाई उठून नळावर गेली. किती वेळ तोंड धूत होती. मी तांब्या द्यायला गेलो तर म्हणली, “हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला उभा केला नसता रे.” मी तांब्या तिच्या हातात दिला आणि नळ बंद केला.

पण काम मात्र बाईनं झटून केलं. मी वस्तीतल्या भिंतींवर लिहिलं, ‘नशा असो वा मनाचा त्रास, बोला. आवडाबाई’ आणि खाली नंबर. लोकांचे फोन यायचे. तिला ऐकायला कमी येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर, गल्लीभर आवाज. मग कुणाचं गुपित असलं की ती रुळाकडं चालत जायची. रामकिसन रिक्षावाला दारूनं पार संपत आला होता, त्याला घेऊन ती घाटीत इतक्या वेळा जाऊन बसली की तिथल्या शिपायाला वाटलं हीच पेशंट आहे. आज रामकिसन रिक्षा चालवतो, आणि तिला बघितलं की भाडं सोडून थांबतो. दुसऱ्यांची पोरं, दुसऱ्यांचे नवरे घरी येत होते. ती त्यांच्या घरी गोड खाऊन यायची आणि आपल्या दारात बसून रस्त्याकडं बघायची.

मग एक दिवस विशाखा मॅडम म्हणल्या, आता सगळ्या भिंतींवर सरकारचा टोल फ्री नंबर टाकायचा. तिथं चोवीस तास शिकलेली माणसं असतात, आवडाबाईंनी एकटीनं किती झेलायचं? बरोबरच होतं त्यांचं. आवडाबाईनं मान हलवली. मी पांढरा हात मारून तिचा नंबर पुसायला लागलो, ती शेजारी उभी. शेवटची भिंत पुसली तवा मला म्हणली, “गोकुळ, नवा नंबर चांगलाच हाय. पण अभयनं लावला तर दुसरंच कुणी उचलंल.”

तोंड फिरवून मी डबा झाकला. दोन दिवस डोक्यातनं जाईना. तिसऱ्या दिवशी फुलंब्रीला बियाण्याची भिंत होती. मधलं सगळं काम झालं, कोपऱ्यावर आलो, ब्रश हातात. ‘गोकुळ’ लिहायच्या जागी ‘आवडाबाई’ लिहिलं आणि तिचा नंबर टाकला. बास, अजून काही नाय. कोपऱ्याला मालक हात लावत नाय, मी सांगितलंच. मग बिडकीनला लिहिलं, वैजापूरला लिहिलं, पैठणच्या रस्त्याला लिहिलं. जिथं भिंत मिळंल तिथं.

ह्यात एक घोटाळा झाला. कोपऱ्यातला नंबर पेंटरचा असतो हे सगळ्या मुलखाला ठाऊक. तिला फोन यायला लागले, “आवडाबाई पेंटर का? शटर रंगवायचंय.” वैजापूरला तर एक जण दुसऱ्याला सांगत होता म्हणे, बाई आहे पण अक्षर लई झकास काढते. तीस वर्षं अक्षर माझं आणि नाव झालं हिचं. ती सगळी कामं मला कळवायची, आणि प्रत्येकाला आधी विचारायची, “जेवला का?” शटर रंगवायला फोन केलेला माणूस गांगरायचा.

हळूहळू माझीच आशा आटत चालली. तिची नाय. फोन वाजला की ती आधी हात पदराला पुसायची, मग फोन घ्यायची.

ह्या वर्षी पौर्णिमेच्या सकाळी मी विहाराच्या भिंतीवर होतो. पावसानं पोपडे आले होते, अक्षरं परत भरत होतो, चार शीलं झाली होती. आत लोक जमत होते. फोन वाजला तशी आवडाबाई बाहेर आली, माझ्या डब्यांशेजारी पायरीवर बसली.

“आवडाबाई बोलते.”

पलीकडून बारीक आवाज आला, “पेंटर आहेत का?”

काम असंल म्हणून मी हात पुढं केला. तिनं माझा हात धरून खाली केला. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं. ती नाव घेईल असं वाटलं. पण दुधानं तोंड पोळलेलं, ताकबी फुंकून प्यायला शिकलेली बाई ती.

“पेंटर हायेत,” ती म्हणली. “हितंच बसलेत. तुमी बोला सावकाश. घाई नाय.”

स्वतःच्या पोटच्या पोराला ती तुम्ही म्हणत होती. पलीकडं श्वास ऐकू येत होता. ती गप बसली, शिकवलं होतं तसं. आत वंदना सुरू झाली. तीबी पायरीवर बसून, फोन तोंडापाशी धरून, हळू आवाजात म्हणायला लागली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं आतून सगळ्यांनी म्हणलं. तिनं तोंड मिटलं.

“आई,” फोनमधून आलं, “पाचवं राहिलं.”

“राहू दे,” ती म्हणली. “तू जेवायला ये.”

“अजून सुटलं नाय, आई.”

“नाय सुटलं तरी ये. आणि एकदम सोडू बी नको, अंगावर येतं. आपण दोघं घाटीत जाऊ. पण आधी जेवायला ये.”

फोन कट झाला. ती तशीच बसून राहिली. मला दम निघंना, मी फोन घेऊन तोच नंबर लावला. वैजापूरच्या मार्केट यार्डासमोरचा चहावाला निघाला. म्हणला, “तो कांद्याच्या गाड्या भरणारा? समोरच्या भिंतीकडं बघत रोज इथं बसायचा, मला वाटायचं खताची जाहिरात पाठ करतोय. आज माझा फोन मागितला. आत्ताच स्टँडकडं गेला बघा.”

“आक्का, उठा,” मी म्हणलो. “रामकिसनची रिक्षा बोलावतो, स्टँडवर जाऊ.”

ती उठली, पण रिक्षासाठी नाय. “नको,” म्हणली. “एकदा सगळ्यांसमोर उभा केलाय त्याला. आता मी घरातच बसते. त्याचा तो येऊ दे.”

डोळे पुसले नायत तिनं, तसेच वाहू दिले. समोरच्या घरात गेली, दार सताड उघडं टाकलं आणि चुलीपुढं बसून पीठ मळायला घेतलं. भाकरी थापल्याचा आवाज मला भिंतीपाशी येत होता.

वैजापूरची गाडी यायला वेळ लागतो, आणि तो येणार की नाय ते मला तवा ठाऊक नव्हतं. माझं काम खरं तर संपत आलं होतं, पाचवी ओळ तेवढी बाकी. ती भरली. मग वाळू दिली. मग परत ब्रश घेतला आणि त्याच ओळीवर दुसरा हात मारायला लागलो, कारण त्या ओळीपासून तिचं दार नीट दिसतं.