आबा, माझे पहिले विद्यार्थी

आबा गेल्याची तार मला जबलपूरला, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मिळाली. महिना झाला त्याला. इंग्रजी शिकवून पोट भरते मी, पण माझे पहिले विद्यार्थी माझे वडील होते, हे तिथे कधी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटते... माझीच.

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं तेव्हा मी मॅट्रिकला होते. दरबारच्या कचेरीत आबांचं हिंदी-मोडीवर भागत होतं. नव्या राज्यात इंग्रजीची खातेपरीक्षा आली. नापास होईल तो हुद्द्यानं खाली. पन्नाशीला टेकलेले आबा जयेंद्रगंजातल्या आमच्या घरी रोज सकाळी माझ्यासमोर पाटावर बसायचे. गाडी अडली ती इंग्रजीतल्या जोडक्रियापदांशी. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे कसं? “आबा, तुकडे करू नका ना!” मी करवादायचे. एकदा मात्र त्यांनी मांडीवर थाप मारली. “अगं कुसुम, हे तर आपल्या ‘उठून दिसण्या’सारखं! साडी उठून दिसते तेव्हा कोण उठतं गं?” इतकं छान मी अजूनही वर्गात शिकवलेलं नाही.

परीक्षेच्या आठवडाभर आधी कचेरीतले एक बाबूजी चहाला आले. आबांनी हौसेनं वाक्य ऐकवलं, ‘आय लुक आफ्टर माय चष्मा एव्हरी मॉर्निंग.’ म्हणायचं होतं शोधतो, झालं सांभाळतो. मी फिसकन हसले. “आबा, पहिलीतलं पोर सांगेल हे!” बाबूजीही खो-खो हसले, “अरे भाईसाहब, बिटिया तो बड़ी कड़क मास्टरनी निकली!” आबासुद्धा हसले. दुसऱ्या दिवसापासून ते पाटावर आले नाहीत. “आता जमेल तेवढं जमेल,” एवढंच म्हणाले.

नापास झाले. हुद्दा गेला. ज्यांना त्यांनी काम शिकवलं, त्यांच्या हाताखाली उरलेली नोकरी काढली. घरात मला कुणी चकार शब्द बोललं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही की आबा, माझ्यामुळे का? इतकी वर्षं! विचारलं असतं तर काय जीभ झडली असती माझी?

तेराव्यानंतर त्यांच्या टेबलाचा खण आवरताना एक वही निघाली. मला वाटत होतं, त्या दिवशीच त्यांनी इंग्रजीचा नाद सोडला. छे! रिटायर झाल्यावरही लिहीत होते, एकट्यानं. पानोपानी इंग्रजी वाक्य, खाली मराठी. चुका फारशा नव्हत्याच. एका पानावर ‘लुक डाउन ऑन’ होतं आणि त्याचं वाक्य, ‘माय डॉटर डझ नॉट लुक डाउन ऑन मी.’ खाली मराठीत, माझी मुलगी मला कमी लेखत नाही. वरच्या ओळीतलं ‘नॉट’ त्यांनी एकदा खोडलं होतं... आणि मग पुन्हा लिहिलं होतं.